डॅनिश उच्चार : मऊ ‘द’ आणि घशातला गचका
वर विचारलंय की जेवणासाठीच्या ‘माद’ शब्दातला शेवटचा द आपल्याला ल सारखा का ऐकू येतो. कारण तिथे जीभ वरच्या दातांना लागतच नाही. टोक खालच्या दातांमागे टेकवा, जिभेचा मधला भाग किंचित उचला आणि आवाज सैल सोडा. मला हे आरशासमोर बसून जमलं. टोक वर गेलं की बिघडलंच.

पण खरी मेहनत ‘स्टोद’वर घ्या, म्हणजे घसा क्षणभर आवळण्यावर. ‘हुन’ म्हणजे ती. कुत्र्याला लिहितात ‘हुन्द’, पण त्यातला द उच्चारत नाहीत. फरक काय तो ‘न’वर बसणाऱ्या गचक्याचा! बॉर्नहोम बेटावरच्या बोलीत मात्र स्टोद नाही, म्हणून सुरुवातीला कोपनहेगनचेच आवाज ऐका.