निवृत्त पाळकाने फिरण्याच्या वाटेवर मर्यादा कोठे आखावी?

निवृत्त पाळक, नागपूर:
34 वर्षे चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, म्हणून सेवा करून मी निवृत्त झालो. नव्या पाळकांच्या कामात माझी लुडबूड होऊ नये म्हणून जुन्या मंडळीत, म्हणजे माझ्या चर्चच्या लोकांत, फारसा जात नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून रोज पहाटे सेमिनरी हिल्सवर जपानी उद्यानाच्या बाजूने तासभर चालतो. पाद्री घडवणाऱ्या ज्या कॅथलिक सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे टेकडीला हे नाव पडले, तिच्या परंपरेतला मी नाही. तरी तिच्याच आसपास आपली दुसरी सेवा सुरू होईल असे कधी वाटले नव्हते.

रोज समोरून येणारे एक गृहस्थ एके दिवशी वळून माझ्याबरोबर चालू लागले. अर्धा चढ संपल्यावर बुटाची नाडी बांधायला ते वाकले आणि मान वर न करताच म्हणाले, की मुलगा आठ महिन्यांपासून त्यांच्याशी बोलत नाही. माणूस समोर बसून जे सांगत नाही ते शेजारी चालताना सांगतो, कारण तेथे नजरेला नजर द्यावी लागत नाही. (माझ्या कार्यालयात मी मात्र जन्मभर खुर्च्या समोरासमोरच मांडल्या.)

आता अशी पाचसहा माणसे आहेत आणि बहुतेक ख्रिस्ती नाहीत. मी पाळक होतो हे त्यांना आधीच सांगावे काय? प्रार्थनेविषयी विचारावे काय? आजच्या वातावरणात दोन्हींचा विपर्यास होऊ शकतो.

अंबाझरीचा पायी:
मी वारकरी घरातला आहे, तेव्हा चालता चालता परक्याजवळ मन मोकळे होणे मला नवीन नाही. परंतु आपण कोण आहात हे पहिल्या आठवड्यातच सांगावे. तळ्याच्या काठी एका सज्जनांनी चार महिने माझ्या घरच्या अडचणी मोठ्या आस्थेने ऐकल्या आणि पाचव्या महिन्यात पिशवीतून विम्याचा अर्ज काढला. अर्ज वाईट नव्हता, पण त्या दिवसापासून मी फिरण्याची वेळ बदलली.

मंडळीच्या समितीवरील एक सदस्या:
बाप्तिस्मा, विवाह, प्रभुभोज यांविषयी कोणी विचारल्यास त्यांना विद्यमान पाळकांकडे पाठवावे, हे आपण जाणताच. दुसरे अधिक अवघड आहे. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर केवळ ऐकून घेऊन घरी परतू नये; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो तेथेच लावून द्यावा आणि घरच्यांपर्यंत किंवा डॉक्टरांपर्यंत सोबत जावे.

आपल्याच शहरात 1845 साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप प्रवचनांइतकेच भटकंतीसाठीही ओळखले जातात. खडक आणि जीवाश्म शोधत ते या परिसरात फिरले, गोंडांची गाणी आणि कथा त्यांनी गोळा केल्या, आणि 1863 साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्यात बुडून वारले. त्यांनी ऐकलेले टिपून ठेवले म्हणून ते टिकले. आपण ऐकलेले मात्र कोठेही लिहू नका, आणि नाव गाळूनही प्रवचनात दाखला म्हणून वापरू नका. आपली मंडळी लहान आहे, लोक ओळखतात.

नियमित वाचक:
मला 'सेवा' हा शब्दच खटकतो. माझ्याबरोबर चालणारा माणूस मला मनातल्या मनात आपल्या कामात धरतो आहे, असे कळले तर मला ते आवडणार नाही.

निवृत्त पाळक, नागपूर:
शेवटचा आक्षेप मला लागला, आणि तो योग्यही आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायातील अम्माऊसची वाट, जिथे पुनरुत्थित येशू ओळख न देता दोन शिष्यांबरोबर त्या गावाकडे चालतो, मी अनेकदा शिकवली, पण गाव जवळ आल्यावर येशू पुढे जाण्याचा रोख दाखवतो आणि त्या दोघांनी आग्रह केल्यावरच आत जातो, या भागावरून मी नेहमी भरभर पुढे जात असे. तेव्हा प्रार्थनेविषयी मी आपणहून विचारणार नाही.

ओळख मात्र काल सांगून टाकली. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "साहेब, रविवारी तुम्ही कधी दिसत नाही आणि नाताळात तर आठवडाभर गायब होता, मला केव्हाच कळले होते." उतारावर त्यांनी प्रथमच मुलाचे नाव सांगितले, आणि बालोद्यानाच्या फाटकापर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.