मदत हवी आहे: कोविड लसीचे दोन डोस झाले, पण दोन्ही प्रमाणपत्रं 'पहिल्या डोस'चीच

आमच्याकडे (इंदिरानगर, नाशिक) कामाला येणाऱ्या मावशींचे कोविशिल्डचे दोन्ही डोस झालेत. पहिला पंचवटीत, आधार कार्डावर, मुलाच्या मोबाइल नंबरवरून. दुसरा 84 दिवस उलटल्यावर दिंडोरी तालुक्यात माहेरी, गावातल्या शिबिरात. तिथे मतदार ओळखपत्र आणि भावाचा नंबर दिला गेला. त्यामुळे कोविन (लसीकरण नोंदणीचं सरकारी पोर्टल) त्यांना दोन वेगळी माणसं समजतंय. एका प्रमाणपत्रावर आडनावाचं स्पेलिंगही वेगळं आहे.

सोसायटीत अंतिम प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही. नियम मला पटतो, वरच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढचे आजोबा-आजी आहेत. पण लस घेतलेल्या बाईंना गेटवरून परत पाठवणं, आणि विनामास्क लिफ्टने फिरणाऱ्या सभासदांना कुणी हटकतही नाही, हे कसं चालतं?

दोन्ही नंबरवर ओटीपी घेऊन लॉगिन होतं. 'रेझ अ‍ॅन इश्यू'मध्ये (तक्रार नोंदवायच्या भागात) प्रमाणपत्रं एकत्र करायचा पर्याय मात्र दिसत नाही. हेल्पलाइन 1075 वर फोन लागला, पण लसीकरण केंद्रावर विचारा म्हणाले. केंद्रवाले कोविनकडे बोट दाखवतात. तिसरा डोस 'दुसरा' म्हणून घ्या, हा सल्ला कृपया नको.

आधी स्पेलिंग दुरुस्त करायचं की दोन्ही नोंदी एका नंबरवर आणायच्या? आणि नाशिकमध्ये हे कुणी करून घेतलंय का, कुठे?