परदेशी लायसन्स असताना मायदेशात परत टेस्ट कशाला?

स्टेअरिंगवाला:
नऊ वर्षं बाहेर गाडी चालवली, अपघात नाही की दंड नाही, आणि आता कायमचा परत आलो तर काउंटरवर सांगतात त्या देशाशी आपला लायसन्स बदलून द्यायचा करार नाही, लेखी पण द्या आणि रोड टेस्ट पण द्या. माझ्या पुढच्या बाईंचं लायसन्स करारातल्या देशाचं, त्यांचे डोळे तपासले, फोटो काढला, झालं काम. म्हणजे बघतात ते दोन सरकारांचं जमतं का, माणसाला गाडी येते का ते नाही.

आरसा बघा:
तिकडे टेस्ट कशी घेतात ते माहीत असेल तरच ते कार्ड धरणार ना? सुट्टीत जाऊन सोप्या देशातून लायसन्स आणणारे कमी नाहीत, म्हणून तर जपान विचारतं की लायसन्स मिळाल्यावर त्या देशात किमान ३ महिने राहिलात का. ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी लायसन्स बदलून घेणाऱ्यांची तिथली लेखी परीक्षा १० ची ५० प्रश्नांची झाली. आणि नऊ वर्षं उजवीकडून चालवून डावीकडच्या देशात आलात ना, मीही तसाच आलो. पहिल्या दिवशी गिअर टाकायला गेलो तर हात दाराच्या हँडलवर, वळताना इंडिकेटर द्यायचा तर वायपर सुरू, कोरड्या काचेवर खर्र खर्र, मागचा हॉर्न मारून दमला.

स्टेअरिंगवाला:
वायपरचं दोन दिवसात सुटतं हो. टेस्ट घ्या, पण तोवर गाडी तर चालवू द्या, ब्रिटनमध्ये राहायला आलेल्याला १२ महिने देतात. इथे तारीखच मिळेना.

तिसरा गिअर:
मी तर इंटरनॅशनल परमिट घेऊन आलो होतो, म्हटलं निभेल वर्षभर. ते लायसन्सचं निव्वळ भाषांतर निघालं, मूळ लायसन्स सोबत असेल तरच चालतं, १९४९ च्या जिनिव्हा करारातलं १ वर्षाचं, १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं जास्तीत जास्त ३ वर्षांचं, आणि तेही पाहुण्यांसाठी. त्यावर अदलाबदल होत नाही. अजून एक, बऱ्याच देशांत बदलून देताना जुनं कार्ड ठेवून घेतात, तिकडे परत जायचं असेल तर आधी विचार करा. तिकडची टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली असेल तर इथेही तेवढंच मिळू शकतं, युरोपात त्यासाठी कार्डावर ७८ हा कोडच असतो.

आरसा बघा:
हेच म्हणतोय मी, नुसतं कार्ड बघून काय कळणार.

स्टेअरिंगवाला:
मग नऊ वर्षांचं रेकॉर्ड बघा की, तिकडच्या ऑफिसचं पत्र आणलंय मी, कोणी उघडून पाहिलं नाही. असो, तारीख मिळाली एकदाची, पुढच्या मंगळवारी सकाळी आठ. मत तेच आहे.