लेखकांनी संप केला तर मालिका पाहणाऱ्याचे काय होते?

मंगळवारपेठकर (प्रश्न):
नमस्कार. आमच्या घरात दोन तऱ्हेचे प्रेक्षक आहेत. आई संध्याकाळी अंबाबाईचे दर्शन घेऊन परतली, की साडेदहापर्यंत मराठी वाहिन्यांसमोरून हलत नाही, आणि मुलगी मोबाइलवर अमेरिकी मालिका पाहते. तिची आवडती ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ २०२२ मधल्या चौथ्या पर्वानंतर थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये परतली, आणि याला तिकडच्या लेखकांचा संप कारणीभूत असल्याचे ती सांगते. तिकडे लेखकांनी काम थांबवल्याचा फटका कोल्हापुरात बसलेल्या प्रेक्षकापर्यंत नेमका कसा पोहोचतो? उद्या मराठी मालिकांच्या लेखकांनी असाच संप पुकारला, तर आईला तो किती दिवसांनी जाणवेल? आणि त्या काळात वाहिन्यांचे पैसे आपण नेहमीसारखेच भरत राहायचे का?

पंचगंगाकाठ:
आपल्या मुलीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अमेरिकेतील लेखकांचा संप २ मे २०२३ रोजी सुरू झाला आणि १४८ दिवस चालला. मध्येच १४ जुलैपासून कलाकारांची संघटनाही संपावर गेली आणि त्यांचा संप ९ नोव्हेंबरपर्यंत लांबला, त्यामुळे सप्टेंबरअखेर लेखक कामावर परतले तरी कॅमेऱ्यासमोर उभे राहायला कलाकार नव्हते. तिच्या मालिकेचे चित्रीकरण त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. पण संप मिटून मालिका पडद्यावर यायला आणखी दोन वर्षे लागली, ती चित्रीकरण आणि त्यानंतरच्या तांत्रिक कामात गेली. त्याचे खापर लेखकांवर फोडता येणार नाही.

संपाची झळ कोणाला कधी लागते, हे लिखाण प्रक्षेपणाच्या किती पुढे आहे यावर ठरते. अमेरिकेत रात्री उशिराचे जे गप्पांचे कार्यक्रम असतात, त्यांतले विनोद त्या दिवशीच्या बातम्यांवर त्याच दिवशी लिहिले जातात, म्हणून ते संपाच्या पहिल्याच दिवशी बंद पडले आणि जुने भाग लागले. याउलट ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’च्या दुसऱ्या पर्वाच्या संहिता आधीच पूर्ण झाल्या होत्या, चित्रीकरण ब्रिटनमध्ये होते आणि बहुतेक कलाकार तिथल्या संघटनेच्या कराराखाली होते. ते काम संपातही चालू राहिले आणि जून २०२४ मध्ये ते पर्व प्रदर्शित झाले. त्याआधीच्या, नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या शंभर दिवसांच्या संपात ‘ब्रेकिंग बॅड’चे पहिले पर्व नऊऐवजी सात भागांतच आटोपले. आज ते नव्याने पाहणाऱ्याला दोन भाग कमी असल्याचा संशयसुद्धा येत नाही. प्रेक्षकाचे असेही नुकसान होते, जे त्याला कळतच नाही.

कपडेपट_मोरेवाडी:
मराठीबद्दल मी सांगतो. मी काही वर्षे मोरेवाडीच्या चित्रनगरीत कपडेपटात काम केले आहे. दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामे बहुधा तीन वेगळ्या व्यक्तींकडे असतात. कथेचा आराखडा वाहिनीबरोबर बसून आधी ठरतो, परंतु संवाद सर्वांत शेवटी येतात, आणि कित्येकदा तर कलाकार मेकअपला बसल्यावर दृश्याचे कागद सेटवर पोहोचतात. कागद हातात आला की आम्ही संवाद वाचत नसू. भाग कितवा, दिवस की रात्र, आणि हे दृश्य आधीच्या कोणत्या दृश्याला जोडून आहे, एवढेच पाहायचो. सुनेने अंगणातून उंबरा ओलांडल्याचे दृश्य सोमवारी आणि ती माजघरात आल्याचे गुरुवारी चित्रित होत असे, पण अंगावर तीच साडी, तोच पदर आणि हातात तितक्याच बांगड्या लागत. कागद आला नाही, तर दिव्याखाली शंभर माणसे नुसती बसून राहत.

तयार भागांच्या साठ्याला आम्ही ‘बँक’ म्हणतो. आठवडाभराची बँक असली तरी निर्माता निर्धास्त असतो. मोठा साठा करता येत नाही, कारण दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यांप्रमाणे कथा वळवली जाते. लग्न पुढे ढकलले जाते, खलनायिकेला आणखी महिनाभर घरात राहू दिले जाते. त्यामुळे संवादलेखकांनी लिहिणे थांबवले, तर आपल्या आईंना ते बहुधा दुसऱ्या आठवड्यातच कळेल. पहिले काही दिवस ‘मागील भागात’ लांबत जाईल, प्रत्येक पात्राच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनतीनदा फिरेल आणि आठवणींच्या नावाखाली जुनी दृश्ये येतील (हे संपाशिवायही होते, हे मान्य). त्यानंतर पुनःप्रक्षेपणाला पर्याय उरणार नाही.

झळ प्रेक्षकापुरती राहत नाही, हेही नमूद करतो. वसगड्याच्या वाड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’चे चित्रीकरण चाले, तेव्हा वाडा पाहायला लांबून माणसे येत. अशा ठिकाणी काम थांबले की जेवण पुरवणारे, गाडीवाले आणि गर्दीच्या दृश्यांत रोजावर उभे राहणारे गावकरी घरी बसतात.

निवांत_रंकाळा:
काहीही बिघडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले आणि घरोघरी लोकांनी ते आनंदाने पाहिले. जुने इतके आहे की नवे वर्षभर आले नाही तरी चालेल.

पंचगंगाकाठ:
रंकाळाकर, तेव्हा सगळे घरात कोंडलेले होते आणि ती मालिका तीन दशकांपूर्वीची होती. गेल्या महिन्यात पाहिलेलाच भाग पुन्हा पाहणे निराळे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत चित्रपट-मालिका कामगारांच्या महासंघाने संप केला, तेव्हा हिंदी वाहिन्यांवर चालू मालिकांचे जुने भाग लागले होते, आणि ते कोणी आनंदाने पाहिल्याचे मला तरी आठवत नाही.

यात एक मौज अशी की संपात प्रेक्षकाला पुनःप्रक्षेपण दिसते, आणि अमेरिकेतल्या भांडणाचे एक मूळही पुनःप्रक्षेपणातच आहे. तिकडे दूरचित्रवाणीवर भाग पुन्हा लागला की लेखकाला ठरावीक रक्कम मिळते. ओटीटीवर मात्र तेच काम कितीही वेळा पाहिले गेले, तरी त्या प्रमाणात मानधन वाढत नव्हते. २०२३ च्या करारात प्रेक्षकसंख्येशी जोडलेला बोनस आला, लेखकांच्या चमूचे किमान संख्याबळ ठरले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला लेखक मानले जाणार नाही, हेही मान्य झाले. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिला आहे, पण मालिकेचा लेखक मुख्यतः दर भागाच्या मानधनावरच जगतो.

मंगळवारपेठकर:
सर्वांचे आभार. पैशांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

शाहूपुरी_ग्राहक:
पैसे कमी होत नाहीत. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांप्रमाणे प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर असते, पण ती वाहिनीची किंमत आहे, नव्या भागांची नव्हे. दिवसभर जुने भाग दाखवले तरी आकारणी तीच राहते. आपल्या हातात एवढेच आहे, की वाहिनी सुटी निवडण्याची आणि काढून टाकण्याची मुभा त्याच नियमांनी दिली आहे, म्हणून केबलचालकाला सांगून किंवा डीटीएचच्या अ‍ॅपवरून ती बंद करता येते. मात्र आईंची वाहिनी एखाद्या पॅकमधून घेतलेली असेल, तर आधी पॅकची यादी वाचावी, कारण पॅक काढला की त्यातली क्रिकेटची वाहिनीही जाईल.