मदत हवी आहे: मित्राची मुलगी आणि आमचा कुत्रा यांची पुन्हा मैत्री कशी जमवावी?

ओसरी
नमस्कार. आम्ही वाईला राहतो. माझा शाळेपासूनचा मित्र पलीकडच्याच गल्लीत असतो आणि त्याची सहा वर्षांची मुलगी व आठ वर्षांचा मुलगा शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकून आमच्या मोतीशी खेळायला येतात. रविवारी दुपारी मोती भाकरी खात असताना मुलीने त्याच्या ताटलीत हात घातला, तो गुरगुरला आणि तिच्या मनगटाला त्याचा दात लागला. जखम अगदी किरकोळ आहे, आम्ही लगेच हळद लावली. तेव्हापासून मुले आलेली नाहीत. मित्र काही बोलत नाही, पण वहिनी रस्त्यात दिसल्या तरी नजर चुकवतात. मोती मात्र रोज चार वाजता फाटकाशी जाऊन बसतो आणि ते मला पाहवत नाही. मुलीच्या मनातली भीती कशी घालवावी आणि दोन घरांमधला हा अबोला कसा मिटवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया लवकर सांगावे.

कृष्णाकाठ
मैत्रीचे नंतर पाहू. दात लागला तेव्हा रक्त आले होते का? जखम साबणाने धुतली होती का? मोतीला रेबीजची लस शेवटची कधी दिली आहे? आणि मुलीला डॉक्टरांकडे नेले का?

ओसरी
मी जे विचारले आहे त्याचे उत्तर मिळाले तर बरे होईल. मोती घरचा कुत्रा आहे, रस्त्यावरचा नाही. लहान असताना त्याला सगळ्या लसी दिल्या आहेत. रक्ताचा एखादा थेंब आला असेल.

पारिजात
आमच्याकडे असेच झाले होते, तेव्हापासून आम्ही मुले येण्याच्या वेळी कुत्रा मागच्या पडवीत साखळीला बांधून ठेवतो. दोन वर्षांत पुन्हा काही घडलेले नाही आणि मुलांच्या आयाही निश्चिंत असतात. तुम्हीही तेच करा.

माळरान
पारिजात यांच्याशी मी सहमत नाही. रोज मुलांचा आवाज आला की साखळी, असे झाले तर कुत्रा मुलांचा आणि कोंडले जाण्याचा संबंध जोडतो आणि अधिकच चिडका होतो. मोतीने अंगावर धाव घेतलेली नाही, त्याने आपले अन्न राखले आहे आणि चावण्याआधी गुरगुरून इशाराही दिला आहे. त्याला जेवण मुले येण्याआधी, वेगळ्या खोलीत द्या, आणि खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही हे मुलांना समजावून सांगा.

पारिजात
सहा वर्षांच्या मुलीने नियम पाळावा ही अपेक्षाच चुकीची आहे. साखळी विसरत नाही, मूल विसरते.

रानवारा
भाकरीबरोबर कांद्याची भाजी किंवा आमटी देत असाल तर ती बंद करा, कारण कांदा आणि लसूण यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते, म्हणून लिहिले.

समई
मी तालुक्याच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि हा धागा वाचून मला राहवले नाही. ओसरी, रक्ताचा थेंब आला असेल तर ती जखम किरकोळ राहत नाही. नुसता ओरखडा असून रक्त आलेले नसेल तर चाव्याचा दुसरा वर्ग धरतात आणि लस देतात. दात कातडीच्या आत गेला असेल तर तो तिसरा वर्ग, आणि तेव्हा लशीबरोबर जखमेत व तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्ये, टोचावे लागते. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावायचे नसते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे हाच पहिला उपचार आहे, आणि तो आता दोन दिवसांनीसुद्धा करावा. लहानपणी दिलेली लस पुरत नाही, ती वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा द्यावी लागते. मोतीची लसीची पुस्तिका कृपया आजच शोधा.

जुनी पेठ
एवढे घाबरवण्याचे कारण नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, तो ठीक राहिला तर लस लागतच नाही, असे आमचे वडील सांगत.

समई
दहा दिवसांचा नियम खरा आहे, पण त्याचा अर्थ दहा दिवस थांबावे असा नाही. लस आजच सुरू करायची आणि कुत्रा दहाव्या दिवशीही निरोगी असेल तर पुढचे डोस द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे इथे वाट पाहण्याची किंमत फार मोठी आहे.

ओसरी
माझी चूक झाली. पुस्तिका सापडली आणि मोतीची शेवटची लस तीन वर्षांपूर्वीची निघाली. ती दरवर्षी द्यायची असते हे मला माहीत होते, तरी राहून गेले. मी आत्ताच मित्राकडे जाऊन सगळे सांगितले. तोही डॉक्टरांकडे गेलेला नाही. लहानपणी त्याला कुत्रा चावला होता तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती, आणि मुलीला त्यातून जावे लागेल या धास्तीने तो गप्प बसला होता. त्याला काय सांगू?

समई
त्यांना सांगा की ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली होती आणि आता ती भारतात वापरात नाही. आताची लस दंडात देतात. कातडीत देण्याची पद्धत असेल तर पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, दोन्ही दंडांवर थोडी थोडी देतात, आणि स्नायूत दिली तर चौदाव्या दिवसाचा आणखी एक डोस असतो. ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. आईवडिलांना बरोबर घेऊन आजच जा.

ओसरी
काल सायंकाळी आम्ही चौघे मुलीला घेऊन गेलो. दात आत गेला होता, म्हणून जखमेतही इंजेक्शन द्यावे लागले. ते होईपर्यंत ती वडिलांचा हात घट्ट धरून बसली होती. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या की त्यांना राग चावण्याचा नव्हता. दोन दिवस आमच्या घरून मुलीची साधी विचारपूस करायला कोणी आले नाही, हे त्यांना लागले होते. मी त्यांची नजर चुकवत होतो, त्या माझी नाही. मुलगी मात्र विचारत होती की मोतीकाकाला सुद्धा इंजेक्शन देणार का. मोती खातो-पितो आहे, आवाजही नेहमीचाच आहे. त्याची राहिलेली लस आजच देऊन टाकू का?

माळरान
आज देऊ नका. लशीनंतर कुत्रा कधी सुस्तावतो, कधी त्याला ताप येतो, आणि मग ते लशीमुळे की आजारामुळे हे ओळखणे अवघड होते. रविवारपासूनचे दहा दिवस पुढच्या बुधवारी पूर्ण होतील. तोवर त्याला अंगणाबाहेर सोडू नका. खाणे सोडले, लाळ गाळू लागला किंवा आवाज बदलला तर त्याच क्षणी पशुवैद्यकांना आणि मुलीच्या डॉक्टरांना कळवा. बुधवारी त्याला तपासून घ्या आणि मग लस द्या. मुलीला आधी फाटकाबाहेरूनच भेटू द्या. ती हाक मारेल तेव्हा मोती बसला तर त्याला बिस्किट तुम्ही द्या, तिच्या हातून नको.