‘स्पीड’ : तो की ती? आणि त्याच्या जागी दर वेळी ‘वेग’ चालतो का?

प्रश्न : ‘नेटचा स्पीड’ बरोबर की ‘नेटची स्पीड’? शिवाय ‘स्पीड कमी कर’, ‘पंख्याचा स्पीड वाढव’, ‘स्पीडने काम आटप’ या सगळ्या वाक्यांत सरळ ‘वेग’ घातला तर मराठी नीट होईल का?

उत्तर : आधी लिंगाचं बघू. मराठीत स्पीड पुल्लिंगी : गाडीचा स्पीड, स्पीड वाढला, स्पीड चांगला आहे. ‘स्पीड वाढली’ हे हिंदीचं वळण. हिंदीत ‘स्पीड’ आणि ‘रफ्तार’ दोन्ही स्त्रीलिंगी आहेत, तिथून ते येतं.

शंका असेल तर प्रत्यय लावून पाहा. ‘ने’ लावून काही कळत नाही, कारण ‘बसने’, ‘ट्रेनने’ यांसारखे स्त्रीलिंगी शब्दही तसेच राहतात. ‘त’ लावा. ‘फुल स्पीडात गेला’ असं लोक सहज म्हणतात. ऑफिसात, कपात, स्पीडात : अकारान्त शब्दाचा असा ‘आ’ पुल्लिंगात आणि नपुंसकलिंगात होतो. स्त्रीलिंगी ‘बँक’चं ‘बँकेत’ झालं, पण ‘स्पीडेत’ कुणाच्याच तोंडी नाही.

पुरवणी, लेखनाबद्दल : वकील–वकिलाला, जमीन–जमिनीत या नियमाने ‘स्पिडात’ व्हायला हवं. माझ्या मते इथे दीर्घच ठेवावा, कारण उच्चारात ‘पी’ आखूड होत नाही.

उत्तर : ‘वेग’ दर वेळी घालू नका, ही कळकळीची विनंती. मोजमाप असेल तिथे ‘वेग’ चपखल बसतो. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जाहिरातीत ‘मराठी टंकलेखनाचा वेग किमान ३० शब्द प्रति मिनिट’ असं असतं, रस्त्यावर ‘वेगमर्यादा’ असते, अंकगणितात ‘काळ, काम, वेग’ असतं. तिथे ‘स्पीड’ची गरजच नाही.

घरात मात्र मराठी माणूस वेगाचं नाव क्वचितच घेतो, तो क्रियाविशेषण वापरतो. ‘गाडीचा वेग कमी कर’ हे व्याकरणाला धरून आहे, पण शेजारी बसलेला माणूस ‘हळू चालव’ किंवा ‘एवढी जोरात नको’ असंच म्हणेल. पंख्याला तर वेग लागतच नाही : ‘पंखा मोठा कर’, ‘पंखा बारीक कर’, ‘पंखा तीनवर ठेव’. मिक्सरही ‘एकवर फिरव’. म्हणजे ‘स्पीड’ काढायचा तर त्याच्या जागी दुसरं नाम शोधत बसू नये, वाक्य फिरवावं.

‘स्पीडने काम आटप’साठी तर किती शब्द आहेत! फक्त ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘पटकन’ एका कृतीला : पटकन ये, पटकन दार लाव. ‘पटपट’ एकामागून एक कृतींना : पटपट आवर. म्हणून ‘पटपट दार लाव’ खटकतं, दारं चार असतील तर चालेल. ‘झपाझप’ पावलांना, ‘झरझर’ लिहिण्याला किंवा जिना उतरण्याला, ‘सपासप’ वार करण्याला, ‘सुसाट’ गाडीला किंवा वाऱ्याला. या सगळ्यांवर एकच ‘स्पीडने’ टाकला की कृतीचं चित्र पुसलं जातं. मला खरी हानी तिथे वाटते. इंग्रजी शब्द आला याचं तेवढं वाईट वाटत नाही.

प्रश्नकर्त्याची शंका : पण शाळेच्या विज्ञानात स्पीडला ‘चाल’ म्हटलंय ना?

उत्तर : हो. तिथे स्पीड म्हणजे ‘चाल’. ‘वेग’ला दिशाही लागते, आणि ‘गती’ म्हणजे हालचाल ही घटना. ४०० मीटरच्या गोल धावपट्टीची एक पूर्ण फेरी ८० सेकंदांत मारली, तर सरासरी चाल सेकंदाला ५ मीटर, पण सरासरी वेग शून्य, कारण धावणारा निघाला तिथेच परत आला. परीक्षेत हा भेद पाळायलाच हवा. बोलण्यात मात्र ‘गाडीची चाल’ म्हटलं की गोंधळ होतो. चाल गाण्याला लावतात, बुद्धिबळात खेळतात, शत्रूवर चाल करून जातात. एवढे अर्थ आधीच असल्याने हा शब्द रस्त्यावर रुळला नाही.

आणखी तीन चुका, नेहमी दिसणाऱ्या :

‘ताशी ६० किमी प्रति तास’. ‘ताशी’ म्हणजेच प्रति तास, दोन्हींतलं एकच ठेवा. बोलण्यात ‘साठच्या स्पीडने’ पुरतं.

‘भरधाव वेगाने आलेला ट्रक’. ‘भरधाव’मध्ये वेग आलाच. ‘भरधाव आलेला ट्रक’ किंवा ‘भरवेगात आलेला ट्रक’ लिहावं.

‘गतीरोधक’. सुटा शब्द ‘गती’ दीर्घ, पण समासात पहिलं पद ह्रस्व : गतिरोधक. बोलताना सगळे ‘स्पीडब्रेकर’च म्हणतात. तो भारतातल्या इंग्रजीचा शब्द. इंग्लंडमधला माणूस त्याला ‘स्पीड बम्प’, म्हणजे उंचवटा, म्हणतो.

नेटबद्दल शेवटचं : ‘नेटचा स्पीड १०० आहे’ यात एकक गळलेलं असतं. कंपनी मेगाबिट सांगते, फाइल उतरताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात. तक्रार लिहिताना ‘स्पीड’ लिहा नाहीतर ‘वेग’ लिहा, आकड्यापुढे एकक लिहायला विसरू नका.