तिसरीच्या पोरांना नाटकाचा तास कशाला? (सांगली)

हळदीचं_पान
नमस्कार मंडळी, विश्रामबागला राहतो, मुलगी तिसरीत आहे. परवा शाळेत पालकसभा झाली तिथं बाईंनी सांगितलं की जूनपासून पहिली ते चौथीला आठवड्यातनं एक तास नाटकाचा ठेवणार. झालं, निम्मे पालक गप आणि निम्मे उसळले, एक जण म्हणाले त्यापेक्षा अबॅकस घ्या, दुसरे म्हणाले स्कॉलरशिपचा पाया आत्ताच घालायला पाहिजे, एका काकूंनी तर विचारलं की पोरांना काय सिरियलमधे पाठवायचंय का. मी गप बसलो कारण मलाच कळंना कुठल्या बाजूनं बोलायचं.
म्हणजे आपण सांगलीकर, नाट्यपंढरी म्हणून मिरवणार, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं हे पाहुण्याला चहाच्या आधी सांगणार. पण माझ्या घरात शेवटचं नाटक कुणी कधी बघितलं ते आठवत नाही, खोटं कशाला बोलू.
मुलगी घरी वाघ आणि वर्गात मांजर. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. अशा पोरीला या तासाचा उपयोग होतो का अजूनच बुजते? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, भाषण नको.

मिरजेचा_बाप
दादा माझा अनुभव सांगतो, कडू आहे. आमचा पोरगा सलग तीन वर्षं गॅदरिंगमधे झाड. पहिल्या वर्षी आंब्याचं, मग नुसतंच झाड. ड्रेस भाड्यानं, वर महिनाभर प्रॅक्टिसच्या नावाखाली अभ्यास बंद, आणि बाई माईकवरनं ओरडणार "हात वर कर, झाड हलत नाही". मेन रोल कुणाला? ज्यांची पोरं आधीच धडाधड बोलतात त्यांना. मग शिकलं कोण? तेव्हापासनं नाटक म्हटलं की मी पाकीट घट्ट धरतो.

डोंगरशाळा
सातारा जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे, वरची पोस्ट वाचून हसलो आणि जरा लाजही वाटली कारण मी पण नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशी झाडं उभी केलेली आहेत. पण साहेब तो गॅदरिंगचा कार्यक्रम झाला, तो बघणाऱ्यांसाठी असतो. वर्गातलं नाटक बघायला कुणीच नसतं, तिथं स्टेज नाही, पाठांतर नाही, ड्रेस नाही, आणि मुख्य म्हणजे मोकळं कुणीच बसलेलं नसतं.
एक उदाहरण देतो. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. आमच्याकडं दरवर्षी प्रतापगडाचा पाठ आला की सगळ्यांना महाराज व्हायचं असायचं आणि खान व्हायला कोण तयार नाही, रडारड. एका वर्षी मी म्हटलं महाराजही नको आणि खानही नको. १० नोव्हेंबर १६५९ ची सकाळ आहे, तुम्ही जावळीच्या झाडीत लपलेले मावळे, गडावरनं तोफेचा आवाज येईपर्यंत हलायचं नाही. आणि मी कोण, तर तुमचा नाईक. बस्स, एवढंच. बाकं सरकवली आणि सगळे खाली. मी हळू आवाजात एकेकाजवळ जाऊन विचारत गेलो, खाल्लंस का, घरी काय सांगून आलास, खोकला आला तर काय करशील. तर जी पोरगी सहा महिन्यात माझ्याशी चार शब्द बोलली नव्हती ती कुजबुजत म्हणाली, "नाईक, आईला सांगितलं नाही, तिला वाटतंय मी गुरं घेऊन गेलोय." हे पुस्तकात कुठं आहे का सांगा. दहा मिनिटं तीस पोरांचा वर्ग चिडीचूप, वरनं आमचे केंद्रप्रमुख दारात येऊन उभे, त्यांना वाटलं पोरांना शिक्षा केलीय. नंतर तोच पाठ लिहायला दिला तर ज्याला पाच ओळी जमायच्या नाहीत त्यानं पानभर लिहिलं. शुद्धलेखनाचं विचारू नका.
अजून एक. ऊसतोडीचा सीझन सुरू झाला की आमच्याकडं बीडकडची पोरं मधेच वर्गात येतात, पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, की जातात. त्यांची बोली वेगळी, आमची पोरं चिडवतात, मग ती तोंड मिटून बसतात. खेळात मी बाजार भरवला, कोण भाजीवाला, कोण गिऱ्हाईक. त्यातला एक जण बैल विकायला बसला आणि त्यानं दात बघून वय कसं सांगायचं ते असं दाखवलं की सगळा वर्ग त्याच्याभोवती. बैलाचं काम एका पोरानं केलं, त्याचेच दात मोजले 😄 त्यानंतर चिडवणं एकदम थांबलं असं मी म्हणणार नाही, पण कमी झालं, आणि मधल्या सुट्टीत त्याला खेळायला घ्यायला लागले.
तुमची लेक बुजेल का? पहिल्याच तासाला "चल पुढं ये, करून दाखव" म्हटलं तर नक्की बुजेल. सगळे एकदम करत असतील तर तिच्याकडं बघायला कुणाला सवड नसते, आणि बुजऱ्या पोराला तेवढंच पाहिजे असतं.

मिरजेचा_बाप
सर हे भारी आहे, पण सगळ्याच शाळेत तुमच्यासारखे सर नाहीत की ओ.

विंगेतून
मी सांगलीतच हौशी नाटक करते, उन्हाळी शिबिरंही घेते, त्यामुळं माझ्याच पोटावर पाय येईल असं थोडं बोलते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालकांना काहीतरी "दिसावं" लागतं, नाहीतर फी कशाची घेतली म्हणतात. मग दहा दिवसांतले सात दिवस बसवण्यात जातात. नाट्यछटा स्पर्धेचं तेच. आई लिहिते, बाबा शिकवतात, पोरगं भुवया उडवत मोठ्या माणसासारखं बोलतं आणि आपण टाळ्या वाजवतो. मला ते बघवत नाही खरंतर.
सरांनी जे केलं, म्हणजे शिक्षकानं स्वतः भूमिकेत शिरायचं, ते इंग्लंडमधे डोरोथी हीथकोट बाईंनी आयुष्यभर केलं. या बाई चौदाव्या वर्षी कापडाच्या गिरणीत कामाला लागलेल्या, म्हणजे आपल्याकडं विट्याच्या मागावरनं उठून कुणी शिक्षकांना शिकवायला जावं तसं. त्या पोरांना सांगायच्या की तुम्ही या विषयातले जाणकार आहात, लोक तुमच्याकडं सल्ला मागायला आलेत. आणि पोरं तशी वागायला लागायची. १९६५ साली कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं नट मंडळी थेट शाळांमधे पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडं एनएसडीची, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची, संस्कार रंग टोली १९८९ पासनं मुलांसोबत काम करतेय. म्हणजे हे कुणा एका बाईंच्या डोक्यातलं खूळ नाही एवढं त्या काकूंना सांगा.
सरांशी एका बाबतीत माझं जमत नाही, ते म्हणाले स्टेज नकोच. वर्षातनं एकदा, पोरांनी स्वतः रचलेलं, शेजारच्या वर्गाला दाखवायला काय हरकत आहे? समोरचा हसला की पोरांना आपोआप कळतं आवाज कुठं पोचला नाही ते. फक्त माईक आणि व्हिडिओ नको.
आणि कुणी म्हणालं यानं गणिताचे मार्क वाढतील तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. नाटकाचं काम वेगळं आहे, दुसऱ्याच्या जागी उभं राहून त्याच्या तोंडानं बोलून बघणं. भातुकलीत पोरं हे करतातच, आपण पहिलीत घातल्यावर बंद पाडतो.
शाळेला विचारा की तास कोण घेणार. बाहेरचा माणूस येऊन नाटक "बसवणार" असेल तर मिरजेच्या दादांचं झाड पुन्हा येणार. वर्गबाईच घेणार असतील आणि पोरं खुर्च्या सरकवून जमिनीवर असतील तर बिनधास्त हो म्हणा.

डोंगरशाळा
@विंगेतून शेजारच्या वर्गाला दाखवायला माझी ना नाही. फ्लेक्स लागला की माझी ना.

हळदीचं_पान
सगळ्यांचे आभार. काल शाळेत जाऊन आलो, तास वर्गबाईच घेणार आहेत, पण त्या म्हणाल्या मला स्वतःला लाज वाटते हो असलं काही करायला. म्हटलं माझी पोरगी आणि तुम्ही जोडीनं शिका.
रात्री जेवण झाल्यावर घरी जरा प्रयोग केला. सोफा म्हणजे सांगली-तासगाव एसटी आणि मी कंडक्टर, खांद्याला बायकोची पर्स. लेकीला म्हटलं बोला ताई, कुठं जायचं. तिनं ओढणी डोक्यावर घेतली, कंबर वाकवली आणि म्हणाली, "मी शहात्तर वर्षांची हाय, मला फुकट हाय." आधार कार्ड दाखवा म्हटलं तर म्हणती ते नातवाकडं राहिलं, नातू हडपसरला असतो, त्याची बायको चांगली नाही. मग नातसुनेचं सगळं पुराण. वीस मिनिटं झाली, मी दोनदा "आज्जी गाडी खोळंबलीय" म्हणालो तर मलाच ओरडली की पोरा बायामाणसांशी नीट बोल.
शेवटी खिडकीची जागा पण तिलाच द्यावी लागली.